कझाकस्तानात तालुक्याच्या वर्तमानपत्रातल्या पत्रकाराची नोकरी कशी असते?

तिथे तालुक्याला 'आउदान' म्हणतात. सोव्हिएत काळात आउदानचं वर्तमानपत्र म्हणजे कम्युनिस्ट पक्षाच्या तालुका समितीचं मुखपत्र. होतकरू पत्रकार बहुतेकदा गावातून बातमीपत्रं पाठवून सुरुवात करी. मग 'तिल्शी', म्हणजे वार्ताहर, पुढे विभागप्रमुख, त्यानंतर 'जवाबदार सचिव' (पानांची आखणी यांच्याकडे, म्हणजे खरा भार यांच्यावरच) आणि शेवटी संपादक. पदवीसाठी अनेक जण अल्माटीच्या विद्यापीठात जात.

काम हंगामाप्रमाणे चाले: वसंतात मेंढ्यांची वीण, मग लोकर कातरणी, शरदात गव्हाची कापणी. स्तेपमधली, म्हणजे तिथल्या गवताळ मैदानांतली, अंतरं मोठी, त्यामुळे गाडी मिळाली नाही तर बातमी शिळी.

मुद्रितशोधन फार डोळ्यांत तेल घालून करावं लागतं. कझाक सिरिलिक लिपीत ४२ अक्षरं आहेत. 'उन' म्हणजे पीठ आणि 'यून' म्हणजे आवाज, या दोन शब्दांत फरक फक्त पहिल्या अक्षराच्या दांड्यावरच्या एका आडव्या रेघेचा. रेघ सुटली की पिठाचा आवाज झालाच!

१९९१ नंतर पक्ष गेला. आता बरीचशी मदार सरकारी माहिती-कंत्राटावर, म्हणजे ठरावीक विषयांवर मजकूर छापण्यासाठी सरकार देत असलेल्या पैशांवर, आहे. म्हणून स्थानिक प्रशासनावर, 'अकिमात'वर, टीका लिहिणं अवघड जातं, आणि माझ्या मते या नोकरीतली सर्वांत मोठी अडचण हीच.