हरला तो उठला: व्हिडिओ गेम पार्लरबद्दल तुमचे प्रश्न

प्रश्न: मी शाळेत होतो तेव्हा, म्हणजे १९९५-९६ च्या सुमारास, ठाणे स्टेशनपासून जांभळी नाक्यापर्यंत चालत गेलं तरी तीन-चार व्हिडिओ गेमची दुकानं लागायची. आता एक दिसत नाही. पण मॉलमधले गेम झोन शनिवार-रविवारी फुल्ल असतात. पोरांनी खेळणं सोडलं नाही, मग पार्लर बंद का पडली? (एक वाचक, कळवा)

उत्तर: नौपाड्यात आमच्या शाळेमागच्या गल्लीत एक पार्लर होतं, ते मला अजून डोळ्यांसमोर जसंच्या तसं दिसतं. दहा बाय बाराचा गाळा, पाच मशीन, दाराला जाड निळा पडदा कारण उजेड आत आला की स्क्रीनवर काही दिसायचं नाही (आईवडिलांना नेमका तो पडदाच खुपायचा), आणि स्टुलावर बसलेले मालक, ज्यांना सगळी पोरं अण्णा म्हणायची. एक रुपयाला एक कॉइन. आता त्यांच्या बाजूने हिशोब बघा, मला तो फार उशिरा कळला. मुस्तफा, म्हणजे कॅपकॉमचा १९९३ चा कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स, त्यातल्या पिवळ्या टोपीवाल्या मुस्तफामुळे आपल्याकडे अख्ख्या गेमला तेच नाव पडलं, तर तो ज्याला जमायचा तो पोरगा एका रुपयात पाऊण तास मशीन अडवून ठेवायचा आणि मागे दहा जण नुसते बघत उभे. अण्णांना त्यातून काय मिळणार? त्याउलट स्ट्रीट फायटर टू, दोघांचे दोन कॉइन, तीनपैकी दोन राउंड, फार तर चार मिनिटं, हरला तो उठला, जिंकला तो तसाच उभा, आणि पुढच्यांचे कॉइन स्क्रीनच्या खालच्या कडेवर नंबराप्रमाणे आधीच लावून ठेवलेले. म्हणजे चार मिनिटाला एक रुपया धरला तरी तासाला पंधरा रुपये, तेही मशीन एक मिनिट रिकामं नसेल तर. त्यातून लाईटबिल, गाळ्याचं भाडं, ढिली झालेली जॉयस्टिक, वर सरकारचा करमणूक कर आणि पोलिसांचा परवाना.

आणि हा रुपया वाढवता येत नव्हता हो. वडापाव महागला तरी पोराच्या खिशात रुपयाच असायचा. हे फक्त आपल्याकडेच झालं असंही नाही. जपानमध्ये १९७८ ला स्पेस इन्व्हेडर्स आला तेव्हापासून एक डाव १०० येनचा, कारण मशीनची फटच त्या नाण्याची. पुढे तिकडे १९८९ ला ३ टक्के उपभोग कर लागला, तो वाढत वाढत २०१९ ला १० टक्के झाला, पण नाणं १०० चंच राहिलं आणि वाढलेला कर मालकांनी आपल्याच खिशातून भरला. जगात सगळ्यात जास्त प्रेमाने पार्लर जपणारा देश तो, तिथे ही गत. सेगासारख्या मोठ्या गेम कंपनीने २०२० मध्ये आपल्या पार्लरचा धंदा बहुतेक सगळा विकला, नंतर राहिलेला हिस्साही विकला आणि पाट्यांवरून सेगा हे नाव गेलं.

पण नुसत्या रुपयाने पार्लर मेली नसती. ती विकत काय होती हे बघा. घरच्यापेक्षा भारी मशीन, बस्स. आमच्या घरी मीडिया कंपनीचा टीव्हीला जोडायचा गेम होता, कॉन्ट्रा, मारिओ, मजा यायची, पण अण्णांकडची चित्रं बघून घरी आलं की ते सगळं फिकं वाटायचं आणि ह्याच फरकाचा आम्ही रुपया देत होतो. हा फरक १९९४ च्या डिसेंबरमध्ये जपानात सोनीचं प्लेस्टेशन, म्हणजे घरच्या टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन, निघालं तेव्हापासून संपत गेला. टेकन हा मारामारीचा गेम पार्लरमध्ये ज्या बोर्डवर चालायचा तो नाम्कोचा सिस्टम ११ मुळात प्लेस्टेशनच्याच हार्डवेअरवर बेतलेला होता, म्हणजे दुकानातलं मशीन आणि घरातला डबा आतून जवळजवळ एकच. आपल्याकडे हे यायला वेळ लागला. मध्ये सायबर कॅफेत लॅनवर, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या कॉम्प्युटरवर, काउंटर स्ट्राइक सुरू झालं आणि मोठी पोरं तिकडे गेली, मग सप्टेंबर २०१६ ला जिओ, २०१८ ला पबजी मोबाईल, तोवर रस्त्यावरची बहुतेक पार्लर गेलेलीच होती.

अजून एक गोष्ट, ज्याचा मला आजही राग येतो. काही लोकांनी व्हिडिओ गेमच्या पाटीखाली जुगाराची मशीन लावली. मग धाडी पडायच्या, पेपरात बातमी यायची ‘व्हिडिओ गेम पार्लरवर छापा’ आणि ज्याच्याकडे फक्त मुस्तफा आणि स्ट्रीट फायटर होते तो माणूसही सोसायटीच्या नजरेत जुगारवाला झाला. अण्णांनी पोरांना कधी शिवी देऊ दिली नाही, परीक्षेच्या दिवसात युनिफॉर्ममधल्या पोराला हाताला धरून बाहेर काढायचे, तरी आमच्या बिल्डिंगमध्ये त्यांचं नाव निघालं की लोक तोंड वाकडं करायचे. त्यांचा गाळा भाड्याचा होता, भाडं वाढलं आणि एका दिवाळीनंतर तो उघडलाच नाही.

प्रश्न: माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. मॉलमधल्या गेम झोनमध्ये हजार रुपयांचं कार्ड दीड तासात संपतं आणि अर्धे पैसे तो पंजाच्या मशीनमध्ये घालवतो. टेडी दर वेळी अगदी वर येऊन पडतो. ही मशीन फसवी असतात का? आणि असं असूनही ह्या जागा इतक्या कशा चालतात? (एक आई, वाशी)

उत्तर: ताई, टेडी वर येऊन पडतो त्यात तुमच्या मुलाच्या हाताचा दोष नाही. पंजाची पकड किती घट्ट ठेवायची हे चालवणाऱ्याला मशीनच्या सेटिंगमध्ये ठरवता येतं आणि बऱ्याच मशीनमध्ये किती डावांनंतर एकदा पूर्ण ताकदीची पकड द्यायची हेही ठरवता येतं. मधल्या डावांना पंजा उचलतो आणि वर गेल्यावर ढिला पडतो. मी ह्याला खेळ म्हणत नाही, लहान मुलांसाठी तर नाहीच. तरी ह्या जागा कशा टिकल्या ह्याचं अर्धं उत्तर ह्याच पंजात आहे, कारण जपानमधल्या पार्लरचं अर्ध्याहून जास्त उत्पन्न आता पंजाच्या मशीनमधून येतं. मोबाईलवर टेडी मिळत नाही ना, हातात धरायची वस्तू दुकानातच मिळते.

दुसरी गोष्ट कार्ड. अण्णांना जो रुपया वाढवता आला नाही तो ह्यांनी कार्डाने वाढवला. नाणं गेलं, त्यामुळे फटीचा प्रश्न गेला, एक स्वाइप साठचा की एकशेवीसचा हे पोराला कळत नाही आणि तुम्हालाही वाचायला वाकावं लागतं. शेवटी कार्डात जे पन्नास-साठ उरतात त्यात एक डावही होत नाही, मग एकतर अजून भरा नाहीतर तसेच सोडा.

पण सगळंच वाईट नाही हे पण सांगते. तिथली चांगली मशीन म्हणजे जी घरात मावतच नाहीत ती. हलणाऱ्या सीटची रेसिंग, पायाने खेळायचा डान्स (कोनामीने १९९८ ला आणलेल्या डान्स डान्स रेव्होल्यूशनची ही सगळी पिल्लं), बास्केटबॉल, एअर हॉकी. मागच्या महिन्यात ठाण्याच्या एका मॉलमध्ये एक बाबा आणि सात-आठ वर्षांची मुलगी एअर हॉकी खेळत होते, ती दर गोलनंतर घामेजलेला हात फ्रॉकला पुसायची आणि परत वाकून उभी राहायची, बाबांनी ऑफिसची बॅग टेबलाखाली पायात धरलेली. मी माझं काम विसरून तिथेच उभी राहिले. तर मुलाला सांगा की कार्ड दोघांनी मिळून खेळायच्या मशीनवर वापरायचं, पंज्याला दोनच डाव, आणि पैसे भरायच्या आधी काउंटरवर विचारा की उरलेली रक्कम परत मिळते का आणि किती महिने चालते.

प्रश्न: माझ्या बाबांचं पनवेलला पार्लर होतं, बंद होऊन वीस वर्षं झाली. एक मशीन अजून घरी पत्र्याच्या शेडमध्ये आहे आणि चाव्यांचा जुडगाही. मला खारघरला छोटं पार्लर काढायचंय, मित्र वेड्यात काढतात. चालेल का? मी २४ वर्षांचा आहे, अरेतुरे चालेल. (एक वाचक, खारघर)

उत्तर: तुझं पत्र मी दोनदा वाचलं. खरं सांगायचं तर फक्त जुनी मशीन ठेवून डावावर पैसे घेऊन खारघरच्या भाड्यात नाही चालणार. तोच हिशोब, रुपयाचा वीस केलास तरी. कॉलेजांच्या आसपास जे पीएस फाईव्हचे, म्हणजे प्लेस्टेशन ५ चे, कॅफे चालतात ते बघ, ते डाव विकत नाहीत, तास विकतात, आणि चार मित्र एका सोफ्यावर बसून फुटबॉलच्या गेमवरून भांडतात त्याचे पैसे घेतात.

जुनी मशीन लावूनही टिकलेल्या जागा आहेत. अमेरिकेत शिकागोजवळ ब्रुकफिल्डला गॅलोपिंग घोस्ट म्हणून आहे, २०१० ला सुरू झालं, दारात एकदाच पैसे द्यायचे आणि आत दिवसभर काहीही खेळायचं. बघ ना, त्याने अण्णांची सगळ्यात मोठी अडचणच उलटी केली, मुस्तफावर पाऊण तास उभा राहणारा पोरगा आता नुकसान नाही, तो तर खुश गिऱ्हाईक. टोकियोला ताकादानोबाबामध्ये मिकाडो आहे, जुने फायटिंग गेम, सारख्या टूर्नामेंट, त्या ते ऑनलाइन दाखवतात, आणि २०२० मध्ये कोविडने कंबर मोडली तेव्हा खेळणाऱ्यांनीच वर्गणी काढून ते वाचवलं. त्या वर्गणीमागे इतक्या वर्षांची ओळख होती, एकमेकांकडून हरलेली माणसं होती ती.

म्हणून माझं मत विचारशील तर गाळा स्वतःचा किंवा नातेवाइकाचा असेल तरच उतर. पीएस फाईव्हचे दोन-तीन सेट तासाच्या हिशोबाने दे, त्यातून भाडं काढ, आणि जुनी दोन मशीन एंट्रीत फुकट ठेव, शुक्रवारी रात्री त्यांच्यावर टूर्नामेंट, हरला तो उठला. दुरुस्ती स्वतःला आली पाहिजे, ह्याला पर्याय नाही, कारण कारागीर बोलवत बसलास तर कमाई त्यातच जाईल. सुदैवाने वायरिंग बहुधा जामाचं असेल, १९८५ पासूनचं स्टँडर्ड, ५६ पिनांचा कनेक्टर, एक बोर्ड काढून दुसरा लावता येतो. जॉयस्टिकचे मायक्रोस्विच आणि बटणं लॅमिंग्टन रोडला बघ.

आत्ता घरच्या मशीनचं. प्लग लावू नकोस लगेच. आधी मागचं दार उघडून उंदराने वायरी कुरतडल्यात का बघ, मग बोर्ड, त्यावर बॅटरी असेल आणि आजूबाजूला हिरवट पांढरं काही जमलं असेल तर ती गळलीये, ती आधी काढावी लागेल. पिक्चर ट्यूबला मात्र हात लावायचा नाही. तिच्यात वीस हजारांच्या आसपास व्होल्ट असतात, मशीन बंद केल्यावरही चार्ज राहू शकतो, त्यासाठी टीव्ही दुरुस्त करणारा जुना माणूस गाठ, अजून आहेत ते. आणि हे करताना बाबांना शेजारी खुर्ची टाकून दे. जुडग्यातली कुठली चावी मागच्या दाराची आणि कुठली कॉइनच्या पेटीची, ते त्यांच्या हाताला अजून आठवत असेल.