ग्रुप काढायचा म्हणतेस, तर

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. कॉलेजातल्या आठ-दहा जणांनी मिळून डोंगरात जायचं, मोठ्यांनी नेलेलं नको, आपलं आपण ठरवलेलं हवं, असं ठामपणे लिहिलंस, फार बरं वाटलं. ग्रुपच्या नावाचं आणि टी-शर्टचं विचारलंयस. ते सगळ्यात शेवटी ठरवा.

खूप वर्षांपूर्वी मी बारा मुलांना खिरेश्वरहून हरिश्चंद्रगडावर नेलं होतं. सगळी सोळा-सतरा वर्षांची. तोलार खिंडीतून कातळटप्पा चढून वर आलो आणि धुकं उतरलं. तिथून देवळापर्यंत टेकाडामागून टेकाड लागतं आणि प्रत्येक टेकाड आधीच्यासारखंच दिसतं. मी पुढे, मुलं मागे. वाट चुकली. दीड-दोन तास भटकलो, अंधार पडला, पाणी संपत आलं. कसेबसे देवळाशी पोहोचलो. रात्री जेवताना एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, दगडावरचा बाण डावीकडे होता. मला दिसला होता." मग बोलली का नाहीस, म्हणून विचारलं. म्हणाली, "तुम्ही पुढे होतात ना."

त्या रात्री मला झोप लागली नाही. बारा जणांचे डोळे सोबत होते आणि मी एकट्याच्या डोळ्यांनी चाललो होतो. मुलांनी स्वतः चालवलेला ग्रुप का हवा, याचं माझं उत्तर तेच आहे. आत्मविश्वास वाढतो, मैत्री होते, हे खरंच. पण मला त्यात सगळ्यात आधी सुरक्षितता दिसते.

म्हणून तुमच्यात पहिल्यांदाच आलेला कुणीही "परत फिरू या" म्हणाला, तर थांबायचं आणि त्याचं ऐकून घ्यायचं. त्याला भित्रा म्हणायचं नाही, घरी आल्यावरसुद्धा नाही. लीडर दर ट्रेकला बदला. ग्रुप तू काढलास म्हणून कायम तूच पुढे, असं करू नकोस. लीडर पुढे चालेल, दुसरा एक जाणता सगळ्यांच्या मागे, आणि त्याच्या मागे कुणी राहायचं नाही. तुमच्यातले बरेच जण अठराच्या आतले आहेत, तेव्हा पालकांची लेखी संमती घ्या आणि एक मोठं माणूस सोबत ठेवा. त्याने मधे चालायचं आणि जिवावर बेतणारं काही दिसलं तरच बोलायचं. असं माणूस मिळणं सोपं नाही. मधे बोलायची माझी सवय मोडायला कित्येक वर्षं गेली.

तुझ्या यादीत पहिलंच नाव हरिहर किल्ल्याचं आहे. फोटो पाहून सगळ्यांना तिथेच जायचं असतं. पण त्या कातळात खोदलेल्या उभ्या पायऱ्यांवर सुट्टीच्या दिवशी चढणारे आणि उतरणारे समोरासमोर अडकतात. तिथे दहा नवख्यांना सांभाळणं तुम्हाला अजून जमणार नाही. पहिला रामशेज करा. नाशिकपासून जवळ आहे, आशेवाडीतून वाट रुळलेली आहे आणि दुपारच्या जेवणाला घरी परत येता येतं. एवढासा किल्ला संभाजीमहाराजांच्या काळात मोगलांशी वर्षानुवर्षं झुंजला. वर गेल्यावर तटाकडे नीट बघा. मग अंजनेरी. पाऊस सरला की बारी गावातून कळसूबाई, १६४६ मीटर. हरिहर त्याच्याही नंतर, तोही आठवड्यातल्या मधल्या वारी.

प्रत्येक ट्रेकआधी दोघांनी जाऊन वाट पाहून यायची, आणि तीही त्याच ऋतूत. मे महिन्यात कोरडा ठणठणीत पाहिलेला ओढा जुलैत कमरेपर्यंत चढलेला असतो. आल्यावर एक पानभर कागद लिहायचा: कोण येणार, कुठून चढणार, पाणी कुठे, आणि परत फिरायची वेळ. दुपारी दोन लिहिलं असेल तर शिखर दहा मिनिटांवर असलं तरी दोनला फिरायचं. कागदावर जवळचं सरकारी रुग्णालयही हवं. सर्पदंशाचं इंजेक्शन तिथे आहे का, हे आधी फोन करून विचारायचं. दंश झालाच तर जखम कापायची नाही, आवळून बांधायचं नाही, तोंडाने ओढायचं नाही. हात किंवा पाय हलू न देता थेट रुग्णालय. कड्याला आग्या मोहोळ असलं तर धूर, शेकोटी, अत्तर, आरडाओरडा यातलं काहीही नको. कागदाची एक प्रत घरी ठेवा, एक पायथ्याच्या गावात ज्यांच्याकडे पिठलं-भाकरी सांगाल त्यांच्याकडे. आणि जेवणाचे पैसे घासाघीस न करता द्या.

दोराला इतक्यात हात लावू नका. व्हिडिओ पाहून रॅपलिंग, म्हणजे दोरावरून कडा उतरणं, शिकता येत नाही. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ पासून हेच शिकवते आहे. तुमच्यातल्या दोघांनी पुढेमागे तिथला बेसिक कोर्स करावा. बाहेरच्यांकडून फी घेऊन ट्रेक नेणं हा तर वेगळाच व्यवसाय आहे. त्यासाठी राज्याने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात नोंदणी आणि अटी आहेत. तुम्ही फक्त आपापसात एसटीचं भाडं आणि जेवण वाटून घ्या. हिशेबाची वही कुणालाही केव्हाही उघडून बघता आली पाहिजे.

मुलींना घरून सोडत नाहीत, असं लिहिलंस. हे बोलणं फोनवर उरकू नकोस. सगळ्या पालकांना एका रविवारी कुणाच्यातरी घरी चहाला बोलवा आणि तो कागद वाचून दाखवा. लीडर ज्याची पाळी असेल त्यानेच वाचायचा. माझा अनुभव असा की आईवडिलांना डोंगराची भीती कमी असते. आपलं पोर कुणाच्या भरवशावर जातंय हे कळत नाही, त्याची जास्त असते. प्रथमोपचाराच्या पेटीत सॅनिटरी पॅड ठेवा, आणि पेटी मुलाच्या सॅकमध्ये असली तरी कुणाला संकोच वाटू नये.

एका गोष्टीची मात्र मला खरी काळजी वाटते. दिवाळीनंतर बारावीची मुलं दिसेनाशी होतात. नीट, जेईई, बोर्ड. मी पाहिलेले चांगले ग्रुप डोंगरात संपले नाहीत, त्या चार महिन्यांत संपले. तेव्हा गणपतीच्या आधीच अकरावीतल्या दोघांना लीडर करून बघा. त्यांचा ट्रेक तुझ्यापेक्षा वाईट झाला तरी मधे पडू नकोस.

रामशेजचा कागद लिहून झाला की मला पाठव. तुम्हाला चालणार असेल तर मी येईन, मधे चालेन.

तुझा,
काका