प्राण्यांची शरीररचना शिकून वन्यजीव संवर्धनात खरंच काही उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय की बीएस्सी संपत आलंय, शरीररचना आणि शरीरक्रिया हे विषय मनापासून आवडतात, पण सर म्हणतात, "संवर्धनात जायचं तर ते सोड, सर्वेक्षण आणि गणना शीक." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की उत्तर लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

उपयोग होतो. शरीर न बघता केलेलं संवर्धन कित्येकदा भलत्याच उपायावर पैसे ओततं, आणि ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

मी सोलापूरचा. नान्नजच्या माळरानावर माळढोक, हा जमिनीवर वावरणारा मोठा पक्षी, दिसायचा तो काळ घरातल्या मोठ्यांकडून ऐकत वाढलो. आता तिथे एखादा दिसला तर पेपरात बातमी येते. त्यामुळे पुढे जैसलमेरकडे विजेच्या तारांखाली मेलेले पक्षी शोधायच्या सर्वेक्षणात काम मिळालं तेव्हा मी लगेच गेलो. काम सोपं वाटतं, पण नसतं. तारांच्या खालून चालत राहायचं, पिसं, हाडं, जे दिसेल ते नोंदवायचं. कोल्ह्या-कुत्र्यांनी रात्रीत उचलून नेलं तर तेही हाती लागत नाही.

एका उच्चदाब वाहिनीखाली आम्हाला माळढोकाची मादी सापडली. उजवा पंख कोपरात मोडून उलटा पडलेला, छातीवर आडवी जखम, पिसं कुठेही करपलेली नाहीत. वनखात्याला कळवलं, पंचनाम्याला माणसं आली, पशुवैद्यकीय डॉक्टर आले, वीज कंपनीचे एक इंजिनिअरसाहेबही आले. साहेब मराठीच, विदर्भातले. त्यांचं म्हणणं ठाम होतं: "या पट्ट्यात आम्ही खांबांवर इन्सुलेशन करून घेतलंय. गरुड मरायचे, ते थांबलं. भाजल्याची खूणही नाही. म्हणजे कुत्र्यांनीच मारलाय." आणि आमचे टीम लीडर, ज्यांनी माझी बाजू घ्यायला हवी होती, ते म्हणाले, "जागा नोंदव, फोटो काढ, पुढे चल. कारण शोधणं आपलं काम नाही. आपलं काम मोजणी."

डॉक्टरांनी काही न बोलता पक्ष्याचा पाय उलटा करून साहेबांसमोर धरला. तीन बोटं, तिन्ही पुढे. आखूड, जाड, तळव्याला खरखरीत कातडी. मागचं बोट नाहीच. "हा तारेवर बसणार कसा?" एवढंच त्यांनी विचारलं.

सगळं उत्तर त्या पायात होतं. मागचं बोट नाही म्हणजे पकड नाही, आणि पकड नाही म्हणून माळढोक ना फांदीवर बसतो, ना खांबावर, ना तारेवर. गरुड आणि गिधाडं बसतात. उठताना त्यांचे रुंद पंख दोन तारांना किंवा तार आणि खांबाला एकदम टेकतात आणि शॉक बसतो. इन्सुलेशन हा त्यांच्यासाठीचा उपाय आहे आणि चांगला उपाय आहे. माळढोक शॉकने मरत नाही, उडता उडता तारेवर आदळून मरतो. त्याच्यासाठी खांबावर कितीही आवरणं चढवा, फरक शून्य.

मग साहेबांचा पुढचा प्रश्न, जो सगळेच विचारतात: एवढी जाड तार त्याला दिसत नाही का? याचंही उत्तर शरीरातच आहे. २०१० साली ग्रॅहम मार्टिन आणि जेसिका शॉ या संशोधकांनी आफ्रिकेतल्या कोरी बस्टर्डचं, म्हणजे माळढोकाच्या जवळच्या भाईबंदाचं, दृष्टिक्षेत्र मोजलं. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, समोर दोन्ही डोळ्यांना मिळून दिसतो तो पट्टा अगदी अरुंद, आणि त्याच्यावरचा मोठा भाग आंधळा. उडताना खाली चारा किंवा जोडीदार बघायला मान फक्त २५ अंश झुकवली की ज्या दिशेने तो उडतोय त्या दिशेचंच त्याला दिसेनासं होतं. क्रौंचांना ३५ अंशांपर्यंत चालतं, पांढऱ्या करकोच्याला ५५. वर माळढोकाचा नर १२-१५ किलोंपर्यंत भरतो. शेवटच्या क्षणी तार दिसली तरी एवढं वजन झटकन वळवता येत नाही.

म्हणूनच पक्ष्यांना तार दिसावी म्हणून तिच्यावर लटकवतात त्या फिरत्या चकत्यांवर माझा पूर्ण भरवसा नाही. समोर बघणाऱ्या पक्ष्याला त्या वाचवतात, खाली बघणाऱ्याला त्यांचा काय उपयोग? एकेक पक्षी मोलाचा असलेल्या भागात तार जमिनीखाली घालणं हाच खरा इलाज. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये तसा आदेशही दिला होता. मार्च २०२४ मध्ये तो सरसकट आदेश बदलून प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला गेला. खर्च आणि तांत्रिक अडचणी मला कळतात. पण दीडशेच्या आत उरलेला, एका खेपेला बहुधा एकच अंडं घालणारा पक्षी किती वाट बघणार?

त्या संध्याकाळी मी टीम लीडरांशी बराच वेळ भांडलो. अहवालात शेवटी 'मृत्यू १, कारण अनिश्चित' असंच गेलं. पायाचा फोटो परिशिष्टातसुद्धा घेतला नाही. ते मला अजून पटलेलं नाही.

मोजणीवाल्यांना माझं एकच सांगणं असतं, गिधाडांचं आठवा. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात नव्वदच्या दशकात आकडे कोसळताना दिसले, पण आकड्यांनी कारण सांगितलं नाही. कित्येक जण विषाणू शोधत राहिले. मेलेली गिधाडं उघडून बघितली तेव्हा आतल्या अवयवांवर युरिक ॲसिडचा पांढरा थर निघाला, म्हणजे मूत्रपिंडं निकामी झालेली. २००४ मध्ये डायक्लोफेनॅकचं नाव पुढे आलं: हे जनावरांना द्यायचं वेदनाशामक, ते दिलेलं जनावर मेल्यावर गिधाडांनी खाल्लं की ती मरायची. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर आपल्याकडे बंदी आली. त्याऐवजी मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक गिधाडांना चालतं हेही त्यांच्या शरीरावर तपासूनच कळलं. आणि २०२४ मध्ये जैसलमेरला कृत्रिम रेतनातून माळढोकाचं पिल्लू जन्मलं, ते शरीरक्रिया न शिकता झालं असतं का?

हे मात्र खरं की मोजणीच झाली नसती तर गिधाडं कमी झाल्याचंही कुणाला कळलं नसतं. म्हणून संख्याशास्त्राचा पेपर टाळू नका. नोकऱ्यांच्या जाहिरातीही सर्वेक्षणाच्याच जास्त निघतात, त्या बाबतीत तुमचे सर चुकीचं सांगत नाहीत. एमएस्सीला मुख्य विषय शरीररचना-शरीरक्रिया ठेवा आणि सुट्ट्यांत सर्वेक्षणाला जा, मी तर हेच सांगेन. जवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात ओळख काढून कोंबड्यांच्या शवविच्छेदनाला उभं राहायला मिळतंय का बघा. मुंबईत बीएनएचएसचा (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचा) पक्ष्यांच्या नमुन्यांचा मोठा संग्रह आहे, परवानगी मिळाली तर नुसते पाय बघत बसा. रानात मेलेला पक्षी सापडला तर उत्साहाने घरी आणू नका, कायद्याने गुन्हा आहे. हात न लावता जागेचा फोटो काढा आणि आधी वनखात्याला फोन करा.