ट्रेनिंग झालं, पण काउंटरवर काय?

प्रश्न : सर, मी तासगावात सरकारी बँकेत ऑफिसर आहे. ऑनलाइन ट्रेनिंग आलं की सगळे नेक्स्ट नेक्स्ट दाबून सर्टिफिकेट काढतात, काउंटरवर फरक शून्य. काय करू?

उत्तर : ताई, शिकलेलं आठवड्याभरात हातानं केलं नाही तर पुसलं जातं, म्हणून ज्यानं किसान क्रेडिट कार्डाचा कोर्स केला त्याला लगेच त्याच टेबलावर बसवा, शेजारी एक जुनं माणूस द्या. आमच्या शाखेत एक नवीन पोरगा द्राक्षवाल्या आजोबांना नुसतं 'सात टक्के व्याज' म्हणायचा, ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं की ३ टक्के सूट मिळून ४ च पडतात हे त्याला परीक्षेच्या पेपरात आलेलं, पण तोंडात येईना. मग रोज शटर उघडायच्या आधी पंधरा मिनिटं आम्ही आळीपाळीनं गिऱ्हाईक व्हायचो, महिन्याभरात तो कागदावर आकडे मांडून दाखवायला लागला, आजोबा खूश. आणि एक, ट्रेनिंगला गेलेल्याचं काम उरलेल्यांनी ओढायचं हे मला अजिबात पटत नाही, बदली माणूस रीजनल ऑफिसकडं लेखीच मागा. जेएआयआयबी ही बँकवाल्यांची परीक्षा देणाऱ्या पोरापोरींना परीक्षेआधी रजा अडवू नका, पास झाल्यावर त्यांना इन्क्रिमेंट मिळतं हो.