लँडलाइन काढून इंटरनेट फोन घ्यावा का?

प्रश्न : आमच्या घरी लँडलाइन आहे, ब्रॉडबँडही आहे. मुलगी परदेशात असते. सासूबाई तिच्याशी रोज लँडलाइनवरूनच बोलतात, कारण स्मार्टफोन त्यांना जमत नाही. बिल आता जड जातंय. इंटरनेट फोन घेतला तर ते खरंच कमी होईल का? सासूबाईंचा जुना फोन आणि नंबर राहील का? – एक वाचक

उत्तर : ताई, बहुधा कमी होईल. किती, ते मागच्या तीन बिलांवरून कळेल. लाइनचं भाडं किती आणि परदेशी कॉलचे किती, एवढंच वेगळं काढा. बिल परदेशी कॉलनी फुगलं असेल तर फरक मोठा पडेल. इंटरनेट फोनवर आवाज तुमच्या ब्रॉडबँडवरूनच जातो, आणि मुलीकडेही तीच सेवा असेल तर आपापसातला कॉल बहुधा फुकट असतो. तिच्या मोबाइलवर साधा कॉल लावला तर मात्र मिनिटाचे पैसे पडू शकतात. तो दर आधी बघा. बिलात नुसतं भाडंच जास्त असेल तर नव्या सेवेचं मासिक शुल्क आणि अडॅप्टरची किंमत धरून हिशेब करा. काही घरांत बचत अगदी किरकोळ निघते.

सासूबाईंचा फोन राहील. अडॅप्टर म्हणजे एक छोटी डबी. एका बाजूला फोनची वायर, दुसऱ्या बाजूला राउटरची. फोन उलटा करून बघा, खाली टोन आणि पल्स असं बटण असेल तर ते टोनवर हवं. चकती फिरवायचा जुना फोन असेल तर त्यावर कॉल घेता येईल, पण बरेच अडॅप्टर त्याचे पल्स ओळखत नाहीत, त्यामुळे लावता येईलच असं नाही.

आवाज तुटेल या भीतीने ब्रॉडबँडचा प्लॅन वाढवू नका. नेहमीच्या पद्धतीत आवाजाचे सेकंदाला 8000 नमुने घेतात आणि 20 मिलिसेकंदांचे तुकडे करून पाठवतात. त्याला जाताना आणि येताना प्रत्येकी सेकंदाला जेमतेम 90 किलोबिट लागतात. अडचण होते ती तुकडे रांगेत अडकल्यामुळे. घरात कुणी मोठा व्हिडिओ अपलोड करत असेल तर सासूबाईंचे शब्द त्यामागे खोळंबतात. एका बाजूचा उशीर 150 मिलिसेकंदांच्या आत असला तर बोलताना जाणवत नाही, त्यापलीकडे माणसं एकमेकांचं बोलणं कापायला लागतात. राउटरमध्ये फोनला प्राधान्य देण्याची सोय असते, ती चालू करा आणि अडॅप्टर वायरनेच जोडा.

आता वीज. हे मी सगळ्यात कळकळीने सांगतो. चौदा वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजची बॅटरी रूम सांभाळली. 2 व्होल्टचे 24 सेल ओळीने मांडलेले, मिळून 48 व्होल्ट. त्यांत डिस्टिल्ड वॉटर घालायचं, हायड्रोमीटर बुडवून एकेकाचं रीडिंग वहीत लिहायचं. तांब्याच्या तारेवरचा साधा फोन त्या बॅटऱ्यांवर चालायचा, म्हणून गावभर अंधार असला तरी डायल टोन यायचा. इतकं ठाऊक असूनही स्वतःच्या घरी इंटरनेट फोन घेताना मी हा विचार केला नाही. एका रात्री वीज गेली, आईला घेरी आली, मी बाहेर. तिने फोन उचलला तर नुसता मुका. शेवटी भिंतीवर ठोकून तिने शेजाऱ्यांना उठवलं. ती बरी आहे, पण त्यानंतर एक आठवडाही न थांबता मी छोटा यूपीएस आणला. राउटर, अडॅप्टर आणि फायबर असेल तर भिंतीवरची त्याची डबी, तिन्ही त्यावर हवीत. एक जरी राहिली तरी फोन बंद. घेताना प्रत्येकीच्या चार्जरवरचे व्होल्ट जुळवा. शिवाय इंटरनेटच बंद पडलं तर यूपीएस काही करू शकत नाही, म्हणून सासूबाईंच्या उशाशी एक साधा बटणांचा मोबाइलही असू द्या.

आपत्कालीन नंबर लागतो का आणि लागला तर पत्ता कोणता दिसतो, हेही सेवा देणाऱ्यांना विचारा. अडॅप्टर दुसऱ्या घरी नेला तरी नोंदीत जुनाच पत्ता राहू शकतो. लँडलाइनला चोर-अलार्म किंवा फॅक्स जोडला असेल तर तो आधी तपासून घ्या.

जुनाच नंबर नव्या सेवेवर आणता येतो का, याचे नियम सगळीकडे सारखे नसतात, तेव्हा लेखी उत्तर मागा. आणता येत असेल तर जुनी लाइन स्वतः बंद करू नका, बंद झाली की नंबर हातचा जाऊ शकतो. आधी नवी सेवा तात्पुरत्या नंबरावर घ्या. महिनाभर रोजचे कॉल त्यावरून होऊ द्या. मग एका संध्याकाळी घराचा मेन स्विच पाडा आणि सासूबाईंना त्यांच्या नेहमीच्या फोनवरून तुमचा मोबाइल लावायला सांगा. तुमची रिंग वाजली, की जुना नंबर नव्या सेवेवर आणण्याचा अर्ज भरा.