लिलाव हिंदीतून आलेला नाही

मोबाइल कंपन्यांना सरकार लहरी देतं त्या बातमीबद्दल प्रश्न असा आला आहे: 'ध्वनिलहरींचं वाटप' म्हणावं की 'ध्वनिलहरींचा लिलाव', आणि 'लिलाव' हिंदी 'नीलाम'वरून आला का?

आधी ते 'ध्वनिलहरी' बंद करा. ध्वनीला हवेसारखं माध्यम लागतं. मोबाइलच्या टॉवरवरून निघतात त्या विद्युतचुंबकीय लहरी. टूजी प्रकरणापासून बातम्यांत ही चूक ऐकून कान किटले. 'रेडिओलहरी' म्हणा, नाहीतर सरळ 'स्पेक्ट्रम', म्हणजे त्या लहरींचा पट्टा. वाटप कसंही होतं, लिलाव ही त्यातली एक रीत.

'लिलाव' मात्र हिंदीतून मुळीच आलेला नाही, कितीही जाणकार तसं सांगोत. मूळ पोर्तुगीज 'लेइलाँव'. त्यातला शेवटचा 'आँव' मराठीत 'आव' होतो. 'पाँव'चा पाव झाला तो असाच. हिंदीकडून घेतला असता तर आपण 'निलाम'च म्हटलं असतं. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेल्या लिन्सखोतेन या डच माणसानं तिथल्या मोठ्या रस्त्यावर रोज सकाळी भरणाऱ्या लिलावाचं वर्णन केलं आहे. इंडोनेशियातला 'लेलांग'ही याच शब्दाचा भाऊ.

पोर्तुगीजांनी तो उचलला अरबीतून. काहीजण त्याचं मूळ 'अलम', म्हणजे निशाण, यात शोधतात. मला ते पटत नाही. लिलाव निशाणावर चालत नाही, पुकाऱ्यावर चालतो. मूळ 'इअलाम', म्हणजे जाहीर करणं, हेच असणार. त्याच अरबी धातूतून आलेले इल्म, मालूम, तालीम हे सगळे लिलावाचे सख्खे! आणि स्पेक्ट्रमच्या लिलावाचं खरं काम तेच आहे, कुणालाच माहीत नसलेली किंमत मालूम करून देणं. २०१० च्या थ्रीजी लिलावात देशभरासाठी राखीव किंमत, म्हणजे बोलीची किमान सुरुवात, ३,५०० कोटी होती; १८३ फेऱ्यांनंतर बोली १६,७५१ कोटींवर थांबली. हा आकडा कुठल्या अधिकाऱ्याला टेबलाशी बसून काढता आला असता? टूजी प्रकरणात उलट झालं: २००८ मध्ये 'प्रथम येणाऱ्यास प्रथम' म्हणत २००१ च्याच भावानं मोबाइल सेवेचे १२२ परवाने वाटले, आणि अर्जांची मुदतही आधीच्या तारखेवर ओढली. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये ते सगळे रद्द केले. रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञानं तर १९५९ मध्येच अमेरिकेला सांगितलं होतं की लहरी कुणाला द्यायच्या ते किमतीला ठरवू द्या.

राहिलं 'वाटप'. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात काही उपग्रह सेवांना लिलावाविना स्पेक्ट्रम देण्याची सोय आहे. तशा बातमीत 'वाटप'च लिहा.