अडथळ्यामागचे भोवरे : सुरुवात कशी करावी

भोवरे ठळक दिसावेत म्हणून पाणी जोरात सोडणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे. 1 सेंटिमीटर जाडीची गोल कांडी उभी धरून पाणी सेकंदाला साधारण 1 सेंटिमीटर वेगाने वाहू दिलेत, तर रेनॉल्ड्स अंक (पाण्याच्या जडत्वाचा जोर त्याच्या चिकटपणाच्या तुलनेत किती, हे सांगणारा आकडा) 100 च्या आसपास येतो आणि दोन्ही बाजूंनी आळीपाळीने, प्रत्येक बाजूने सुमारे 6 सेकंदांनी एक, असे भोवरे सुटू लागतात. वेग याच्या तिसऱ्या हिश्श्यावर आणला, तर मागे दोनच भोवरे चिकटून राहतात. माझ्या मते, आधी हेच पाहावे. समीकरणांची घाई नको. रंग कांडीच्या मागे न सोडता प्रवाहाकडील पृष्ठभागालगत हळूच सोडा, कारण भोवऱ्यांचे फिरणे तिथल्या मंदावलेल्या थरातच उपजते. भांड्याच्या भिंतीही दूर असू द्या. त्या जवळ असल्यास भोवऱ्यांची लय बदलते.